कुटुंबप्रमुखाची सही

अंगणात लाल गाडी उभी होती, आणि ती प्रेमलताच्या घरची नव्हती.

फाटकाची कडी हातात धरून ती तशीच थबकली. गाडी चांगली धुतलेली होती, काचा पुसलेल्या होत्या, आणि फाटकातून आत येणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशा बेताने ती माडाखाली आडवी लावलेली होती. गाडी शेजारच्या सालोमीच्या मुलाची, फर्डिनंडची. दिवाळीत घेतलेली. ती आपल्या अंगणात कशाला, हा प्रश्न प्रेमलताच्या मनात पुरता उमटायच्या आधीच उत्तर तिला कळलं.

अडीच वाजले होते. साडेतीनला मुंबईच्या शिक्षण निधीची बाई घर बघायला येणार होती.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. प्रेमलता अडतीस वर्षांची. बारावी सायन्स झाल्यावर तिचं लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. गेली नऊ वर्षं ती आगाशीच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होती. म्हाताऱ्यांची नस तिला चटकन सापडे. पोरं तिच्या हातून सुई टोचून घेताना रडत नसत. पण नुसत्या हाताच्या गुणावर आता भागणार नव्हतं. डॉक्टरांनी गोड बोलून सांगितलं होतं की पुढच्या वर्षापासून डिप्लोमा असलेलीच माणसं ठेवणार. वसईच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. वीस वर्षांनी. फी एक लाख दहा हजार, भरायची मुदत सोमवार संध्याकाळपर्यंत. सोमवार गेला की जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

मध्येच शिक्षण सुटलेल्या बायकांची फी हा निधी भरत असे. अट एकच, घरची परिस्थिती खरोखर तशी असायला हवी. म्हणून त्यांचं माणूस घरी येऊन बघून जाई. फ्रिज कसला, भिंती कसल्या, गाडी आहे का, सोनं आहे का. चारचाकी दिसली की अर्ज बाद. आणि अर्जात खोटं लिहिलेलं आढळलं, तर पुन्हा कधीच अर्ज करता येत नसे.

हे सगळं प्रेमलताला ठाऊक होतं. तिच्या सासूला, कृष्णाबाईंना, यातलं अवाक्षरही माहीत नव्हतं. त्यांना प्रेमलताने एवढंच सांगितलं होतं, "आई, शनिवारी कॉलेजकडून एक बाई येणार आहे. घर बघायला."

चूक इथेच झाली. नंदाखाल गावच्या कृष्णाबाईंना 'घर बघायला येणार' म्हटल्यावर जे करायचं असतं तेच त्यांनी केलं होतं.

प्रेमलता ओटीवर चढली. आत पाऊल टाकलं आणि तिला आपलंच घर ओळखू येईना. सालोमीकडचा मरून रंगाचा सोफा भिंतीला लावलेला. त्याच्यासमोर काचेचं टेबल. खिडक्यांना पडदे. जमिनीला पडलेल्या भेगांवर सतरंजी. कोपऱ्यात स्टुलावर सालोमीचाच मिक्सर, खोक्यातून काढून, लोकांनी बघावा म्हणून ठेवलेला. आणि मधोमध कृष्णाबाई, जरीकाठाचं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून.

"बघ," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "येऊ दे आता तुझी कॉलेजवाली. काय ती बोलते बघू."

"आई, हे कुणी केलं?"

"कुनी म्हंजे? मी. फर्डिनंडने सोफा आनून दिला, गाडी लावून दिली. सालोमी काय नाय बोलते काय मना?" मग त्यांची नजर सुनेच्या मनगटांवर गेली. "आणि तू असल्या कपड्यांत बसनार? जा, साडी नेस. पाटल्या घाल."

"पाटल्या लॉकरमध्ये आहेत, आई."

"चांगल्या दिवशी लॉकरमदीच असतात तुझ्या पाटल्या."

पाटल्या लॉकरमध्ये नव्हत्या. लॉकरही नव्हता. पाटल्या विकून पंचवीस महिने होत आले होते, पण ती गोष्ट पुढे येईलच.

प्रेमलताने पर्स टेबलावर टाकली आणि आधी खिडकीचे पडदे ओढून काढले. कृष्णाबाई "अगो, अगो" करत राहिल्या. तिने मिक्सर उचलून खोक्यात कोंबला, सतरंजी गुंडाळून कॉटखाली सरकवली. सोफा मात्र तिच्या एकटीच्या आवाक्यातला नव्हता, आणि खरं संकट सोफा नव्हतंच. ती मागच्या दाराने धावत कुंपणाशी गेली.

सालोमी मागच्या पडवीत मासे साफ करत होती.

"मावशी, फर्डिनंडला सांगा ना, गाडी काढ म्हणून. आत्ता. पाया पडते तुमच्या."

"अगं, तो नाही घरी. मित्राच्या बाइकवरून वसईच्या होळी बाजारात गेलाय, केळीची रोपं बघायला." सालोमीने हातातली सुरी खाली ठेवली. "काय झालं? तुझ्या सासूने सकाळपासून तीनदा सांगितलं म्हणून लावली बिचाऱ्याने."

"चावी?"

"त्याच्या खिशात."

प्रेमलताने फर्डिनंडला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावतानाच मोबाइलवर दुसरा फोन आला, अनोळखी नंबर.

"प्रेमलता मॅडम? मी रुचिता, निधीकडून. माझी एक व्हिजिट कॅन्सल झाली, म्हणून लवकर आले. नंदाखाल नाक्यावर आहे. रिक्षावाल्याला काय सांगू, कुठे वळायचं?"

खोटा पत्ता सांगावा, असं प्रेमलताच्या मनात आलं. आगाशीकडे पिटाळावं हिला, अर्धा तास तरी मिळेल. पण तोंडातून खरा पत्ताच गेला. खोटं बोलण्यात ती काही कच्ची नव्हती. गेली दोन वर्षं दुसरं काय करत होती? फक्त ऐन वेळी, जिला फसवायचं तिच्याशीच, तिला ते जमलं नाही.

आता हे दोन वर्षांचं प्रकरण.

तिचा नवरा संग्राम सहा वर्षांपूर्वी मस्कतला गेला, एसी दुरुस्तीच्या कामाला. पहिली चार वर्षं पैसे नेमाने आले. मग त्याची कंपनी बंद पडली. "थोडे दिवस सांभाळ, आईला सांगू नकोस," तो म्हणाला. ती म्हणाली, बरोबर आहे, आईंच्या छातीचं ऑपरेशन नुकतंच झालंय. तिने पाटल्या विकल्या आणि सात तारखेला पाकीट आईंच्या हातात ठेवलं, संग्रामने पाठवलेत म्हणून. पुढच्या सात तारखेलाही ठेवलं. थोडे दिवस संपेनात. त्याला दुसरीकडे काम लागल्याचं तिला आडून कळलं, त्यानेच एका मित्राला पाठवलेल्या फोटोवरून. पैसे आले नाहीत. तिच्या फोनवर त्याचं बोलणं आखडत आखडत 'ठीक आहे ना सगळं' एवढ्यावर आलं. ती मात्र सुट्टीच्या दिवशी सांडोरपासून नंदाखालपर्यंत घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करी, आणि सात तारखेचं पाकीट चुकू देत नसे.

का? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आईंच्या तब्येतीसाठी. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की नवऱ्याने टाकल्यासारखं केलंय हे मोठ्याने म्हणायची तिला लाज वाटत होती. पाकीट जात होतं तोवर ते खरं नव्हतं.

निधीच्या अर्जात मात्र 'पतीचे उत्पन्न' या रकान्यात तिने लिहिलं होतं: शून्य.

रिक्षा फाटकाशी थांबली. उतरलेली मुलगी तिशीची असेल. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. चेहरा दमलेला, पण डोळे दमलेले नव्हते. ते आधी गाडीवरच गेले.

"ही गाडी?" रुचिताने विचारलं.

"शेजाऱ्यांची आहे. म्हणजे... लावलीय फक्त."

रुचिताने गाडीचा फोटो काढला, मग नंबरप्लेटचा. मोबाइलने बारीकसा आवाज केला. "फोटो लगेच ऑफिसला जातात," ती जाता जाता म्हणाली. "आमच्या हातात काही नसतं, डिलीट वगैरे होत नाही."

कृष्णाबाई दारात उभ्या होत्या. परक्या माणसासमोर त्या नेहमीच घरची भाषा गुंडाळून ठेवत आणि शाळेच्या बाईंसारखं बोलत. "यावं, यावं. आपण बसावं. उन्हातून आलात." त्यांनी रुचिताला सोफ्यावर बसवलं. काचेच्या टेबलावर बशा आल्या. घरच्या सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी, रव्याचे लाडू, सोललेलं शहाळं. प्रेमलता उभीच होती. तिला सांगायचं होतं, आई, बास, काही आणू नका, आणि ते सांगता येत नव्हतं.

"घर मोठं आहे तुमचं," रुचिता म्हणाली. ती सोफ्याचा फोटो काढत होती.

"मोठंच आहे. सासऱ्यांच्या वेळेस याच्या दुप्पट वाडी होती आमची. आता वाटण्या झाल्या." कृष्णाबाई समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "आमचे यजमान दर जूनला आदिवासी पाड्यावरच्या पोरांना वह्या वाटायचे. शंभर-शंभर. या घराने आजवर कुणापुढे हात पसरलेला नाही, लिहून घ्या."

रुचिता खरंच काहीतरी लिहीत होती.

"आता वाडीतून उत्पन्न किती येतं, आजी?"

"वाडीचं काय घेऊन बसलात? चिरंजीव मस्कतला असतात. दर महिन्याच्या सात तारखेला पैसे येतात. एक महिना चुकला नाही."

रुचिताने मान वर केली, मोबाइलवर बोट फिरवत अर्ज उघडला, एका ओळीवर थांबली आणि प्रेमलताकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. दिवसाला आठ घरं बघणाऱ्या माणसाला रोज कुणीतरी फसवतं, आणि आजही फसवलं, एवढंच त्यात होतं.

"मॅडम, मला किचन दाखवता?" ती म्हणाली.

स्वयंपाकघर खरं होतं. तिथे सालोमीचं काही पोचलं नव्हतं. गॅसची दोन बर्नरची शेगडी, एका कडेला फुटलेला ओटा, गंजलेला जुना फ्रिज. पण रुचिताने इथे फोटो काढला नाही. तिने दार अर्धवट लोटलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, मला ओरडायची सवय नाही. अर्जात लिहिलंय, पतीचं उत्पन्न शून्य. सासूबाई म्हणतात दर महिन्याला पैसे येतात. बाहेर गाडी आहे. नवा सोफा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत ना?"

"अर्जात लिहिलंय ते खरं आहे."

"मग त्या खोटं बोलतायत?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

रुचिताने अर्जाला जोडलेला बँकेचा उतारा मोबाइलवर वर-खाली सरकवला. "मस्कतहून शेवटची रक्कम आली त्याला पंचवीस महिने झाले," ती जरा वेळाने म्हणाली. "उतारा तर बरोबर आहे. पण पैसे दुसऱ्या खात्यात येत नसतील कशावरून? माझे साहेब हेच विचारणार. गाडीचा फोटो त्यांनी आत्तापर्यंत बघितलाही असेल."

"मी शपथेवर लिहून देते."

"तुमचं नाही चालत. कुटुंबप्रमुखाचं निवेदन लागतं. तुमच्या रेशनकार्डावर प्रमुख कोण आहे?"

प्रेमलताने डोळे मिटले. घरातली सगळ्यात मोठी बाई असते ती प्रमुख. कार्डाच्या पहिल्या पानावर कृष्णाबाईंचाच फोटो होता.

"आणखी एक," रुचिता म्हणाली. "निवेदन मी वाचून दाखवते, त्यांनी ऐकायचं, मग सही. नुसता अंगठा घेऊन नाही जाता येत मला. त्यांना सांगायचं नसेल, तर मी इथूनच निघते. अर्ज मागे घेतला असं लिहीन. खोटं आढळलं असं नाही लिहिणार. एवढंच करू शकते."

खरं म्हणजे तिने माणुसकीच दाखवली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. पण पुढच्या वर्षी लॅबमधली नोकरीच नसणार होती. मग सात तारखेला पाकिटात काय घालायचं? दहावीतल्या मुलीची, आर्याची, अकरावीची फी कुठून आणायची? प्रेमलता ओट्याला टेकून उभी होती. बाहेर कृष्णाबाई मोठ्याने म्हणत होत्या, "प्रेमा, बाईंना सरबत हवं का विचार!" त्या आवाजात एवढी हौस होती की प्रेमलताला त्यांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. शेवटी मस्कतच्या माणसाचा आला, आणि तो सगळ्यात उशिरा आला याचं तिला नवल वाटलं.

"चला," ती म्हणाली.

ती बाहेर जाऊन सासूच्या समोर जमिनीवरच बसली.

"आई, ही बाई कॉलेजची नाही. फीसाठी मदत देणाऱ्या संस्थेची आहे. मी मदत मागितलीय."

कृष्णाबाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "मदत?" त्या म्हणाल्या. शाळेच्या बाईंची भाषा पहिल्याच शब्दाला सुटली. "कसली मदत? आपल्याला काय कमी हाय? संग्रामला सांगितलं असतंस, त्याने धाडली असती फी."

"तो पाठवत नाही, आई."

"फीचे नाय पाठवत?"

"काहीच नाही. दोन वर्षं झाली. जास्तच झाली."

"खोटं बोलू नको." कृष्णाबाई एकदम ताठ झाल्या. "परक्या बाईसमोर माझ्या पोऱ्याची अब्रू काढतेस? सात तारखेचं पाकीट मी माझ्या या हातांनी मोजून ठेवते."

"ते मी देते. माझ्या पगाराचं. सुट्टीच्या दिवशी मी फिरते ना, त्याचं. सुरुवातीला पाटल्यांचं होतं."

कृष्णाबाईंनी तिच्या रिकाम्या मनगटांकडे बघितलं. आज दुपारी दुसऱ्यांदा. मग रुचिताकडे वळून, जणू सुनेचं ऐकलंच नाही अशा थाटात त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही लिहा. माझा मुलगा पैसे पाठवतो. हिचं डोकं ठिकाणावर नाही."

रुचिताची बोटं मोबाइलवर थांबली. तिने प्रेमलताकडे बघितलं. आता जर तिने हे लिहिलं, तर अर्ज आजच कायमचा बाद होणार होता, मागे घ्यायचीही सोय उरली नसती.

"आजी," रुचिता म्हणाली, "मी लिहीन तुम्ही सांगाल ते. पण मला बँकेचा कागद आधी वाचू दे. फक्त ऐका." आणि तिने वाचलं. मस्कतहून जमा झालेल्या रकमांच्या तारखा, एकामागून एक, चार वर्षांच्या. महिन्याला एक. मग शेवटची तारीख. त्यानंतर ती थांबली, आणि पुढे वाचायला काहीच नव्हतं.

बाहेर वाडीत कुणाचा तरी पंप चालू झाला. कृष्णाबाई खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या होत्या. त्यांचा श्वास वर लागलाय का, हे प्रेमलता छातीकडे बघून मोजत होती. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसता कामा नये. आपण हे काय करून बसलो? एका डिप्लोमासाठी म्हातारीच्या जिवाशी खेळलो. तिने उठून पाणी आणायला पाऊल टाकलं.

"बस," कृष्णाबाई म्हणाल्या.

ती बसली.

"काय लिहायचं असतं त्याच्यात? वाचा."

रुचिताने निवेदन वाचलं. कागदी भाषा होती ती, कोरडी. 'मी, कुटुंबप्रमुख, असे नमूद करते की, माझ्या कुटुंबातील अर्जदार ही माझी सून असून, तिच्या शिक्षणाचा खर्च करण्यास माझे कुटुंब असमर्थ आहे. अर्जदाराच्या पतीकडून कुटुंबास कोणतेही आर्थिक साहाय्य मिळत नाही.'

"असमर्थ म्हंजे?"

"म्हणजे... जमत नाही. ऐपत नाही."

कृष्णाबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या. प्रेमलताला वाटलं आतल्या खोलीत जातील, दार लावून घेतील. रागावल्या की त्या तसंच करत. त्या दाराकडे गेल्या खऱ्या, पण ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि लाल गाडीकडे हात केला.

"बाई, इकडे या. ही गाडी सालोमीच्या मुलाची. मी लावायला सांगितली. तुम्ही बसलात तो सोफापन त्यांचाच. टेबल त्यांचं." कुंपणापलीकडे सालोमी उभी होती, तिला सगळं ऐकू जात होतं, आणि कृष्णाबाईंना ते दिसत होतं. त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. उलट चढवला. "माझी सून खोटं बोलली नाय. मी बोलली. लिहा. माझा मुलगा पैसे पाठवत नाय. आमची ऐपत नाय."

कुंपणापाशी सालोमीने कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळाने ती स्वतःच परत आली, गाडीच्या कागदपत्रांचा फोटो मोबाइलवर घेऊन. नाव फर्डिनंडचं, पत्ता शेजारच्या घराचा. रुचिताने तोही फोटो पाठवला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि फुटक्या ओट्याचे, शेगडीचे, फ्रिजचे फोटो काढून आली.

सही करताना कृष्णाबाईंनी पदराने बोट पुसलं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करायची त्यांची पहिलीच वेळ; नाव वाकडंतिकडं उमटलं. "पुन्हा करू?" त्यांनी विचारलं.

"नको, आजी. चालतंय." रुचिताने मोबाइल प्रेमलताकडे फिरवला. शिफारशीच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: पात्र, तातडीने रक्कम द्यावी. "सोमवारी दुपारपर्यंत कॉलेजच्या खात्यात जमा होईल. माझी शिफारस आजवर परत आलेली नाही. गाडीबद्दल साहेबांचा फोन येईल, मी बोलते." ती पायऱ्या उतरली, आणि काहीतरी आठवून परत वर आली. टेबलावरचं एक सुकेळं उचलून तिने तोंडात टाकलं. "छान आहे हं, आजी," ती म्हणाली आणि गेली.

रिक्षाचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू आला.

जागा वाचली होती. अडतिसाव्या वर्षी, बुडता बुडता. प्रेमलताला आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी होताही, पण त्याच्याकडे बघायला तिला सवड नव्हती. कृष्णाबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी केसांतला गजरा काढून मांडीवर ठेवला होता आणि त्यातली फुलं एक एक करून सुटी करत होत्या.

"आई, गोळी घेता?"

"मना काय झालेलं नाय."

"मी सांगायला हवं होतं. आधीच."

"हां. सांगायला पायजे होतं." त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. पंप बंद पडला. "प्रेमा, दर सात तारखेला तू पाकीट द्यायचीस, नि मी त्याला फोन लावायची. पयला फोन त्याला. 'पोचले रे बाबा पैसे,' म्हनायची. 'देव तुझं भलं करो,' म्हनायची."

प्रेमलता खाली पडलेली अबोलीची फुलं वेचू लागली.

"तू ऐकलंस कधी, तो काय म्हनायचा?"

तिने ऐकलं होतं. दर महिन्याला. आईंना फोन कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवलेला असे, आणि ती स्वयंपाकघरात भांडी घासत असली तरी शब्द न् शब्द आत यायचा. पंचवीस वेळा तिने तो ऐकला होता आणि पंचवीस वेळा नळ मोठा सोडला होता.

"ऐकलंय, आई."

कृष्णाबाईंनी मान डोलवली. मग त्यांनी मुलाची नक्कल केली, हुबेहूब, त्याच्याच शांत, समजूतदार आवाजात.

"'बरं, आई,' म्हनायचा. 'जपून खर्च कर.'"